पहिली इंटर्नशिप एका बसच्या अंतरावर शोधा

फेब्रुवारी लागला की तिसऱ्या वर्षाची मुले आमच्या स्टाफरूमच्या दाराशी घुटमळायला लागतात. "मॅडम, इंटर्नशिप मिळत नाही. सगळीकडे अनुभव मागतात." मी फोन मागून घेते आणि पाठवलेले मेल बघते. बहुतेक वेळा एकच मजकूर पंधरा-वीस ठिकाणी गेलेला असतो: 'आपल्या नामांकित संस्थेत इंटर्नशिप करण्याची इच्छा आहे. कृपया संधी द्यावी. सोबत बायोडेटा जोडला आहे.' मुलगी कुठल्या गावची, कधी मोकळी, किती दिवस येणार, तिला काय येते, यातले काहीच त्यात नसते. तिला कुठे बसवायचे आणि कोणते काम द्यायचे, हे सगळे मेल वाचणाऱ्यानेच ठरवायचे. त्याला तेवढी सवड नसते, आणि उत्तर येत नाही.

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी कॉमर्स शिकवते. इंटर्नशिपचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. अनुभव नाही म्हणून अडलेली मुले मी फार थोडी पाहिली. 'मी येऊन नेमके काय करेन' हे सांगता न आल्यामुळे अडलेली पुष्कळ पाहिली. गोवा लहान आहे, ऑफिसे लहान आहेत, माणसे एकमेकांना ओळखतात. ही पहिल्या इंटर्नशिपसाठी फार मोठी सोय आहे. ती कशी वापरायची ते क्रमाने सांगते.

आधी तास मोजा, मग बस

आपल्याकडच्या कॉलेजांत नवे शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले आणि तेव्हापासून इंटर्नशिप अभ्यासक्रमातच आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) हिशेबाने इंटर्नशिपचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटसाठी १२० तास. तुमच्या विषयाला किती क्रेडिट आहेत, सुट्टीतच करायची की सेमिस्टर चालू असतानाही चालते, डायरीवर कुणाची सही लागते, हे कॉलेजच्या परिपत्रकात पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जागा मिळाल्यावर 'हे क्रेडिटला चालणार नाही' असे कळले की फार वाईट वाटते, आणि तोवर सुट्टी संपत आलेली असते.

आता त्या १२० तासांचे दिवस करा. रोज ५ तास, आठवड्याचे ६ दिवस म्हटले तर २४ दिवस, म्हणजे बरोबर चार आठवडे. रोज ३ तास म्हटले तर ४० दिवस. हा आकडा तुमच्या मेलमध्ये जाणार आहे, म्हणून तो आधीच पक्का हवा.

मग बस. वाळपईच्या मुलाने वेर्ण्याची इंटर्नशिप घेतली तर वाटेत बस बदलावी लागते. औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर उतरल्यावर आत चालत जायचे किंवा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करायचा. संध्याकाळी गावाकडे जाणाऱ्या बसगाड्या कमी होतात. पहिले तीन दिवस उत्साहात निघतात. दुसऱ्या आठवड्यात तो उशिरा पोचायला लागतो आणि तिसऱ्यात यायचाच बंद होतो. कॉलेजचा बसपास घर-कॉलेज मार्गापुरता असेल तर भाड्याचाही हिशेब करा. माझा सल्ला असा की पहिल्या इंटर्नशिपसाठी घरापासून एका बसने पोचता येईल तेवढाच भाग नकाशावर आखा आणि त्याच्या आत शोधा. मोठे नाव दुसऱ्या खेपेला बघता येईल.

त्या भागात कोण आहे

एका रविवारी वही घेऊन बसा आणि त्या भागातल्या तीस ठिकाणांची नावे लिहा. पोर्टलवर जाहिरात आहे का हे अजून बघायचे नाही. लहान ऑफिसे जाहिरात देत नाहीत, त्यांना मदतनीस मात्र हवा असतो. सीएचे ऑफिस, वकील, आर्किटेक्ट, औषधांचा घाऊक विक्रेता, छापखाना, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, काजूचा कारखाना, होमस्टे, स्थानिक वर्तमानपत्राचे तालुका कार्यालय. फोंड्याच्या मुलांना कुंडई, मडकई आणि बेतोडा या तीन औद्योगिक वसाहती जवळ आहेत. पेडण्याला तुये, सत्तरीला होंडा, बार्देशला पिळर्ण, दक्षिणेला वेर्णा आणि कुंकळ्ळी. वसाहतीत कारखाना म्हटला की मुलांना फक्त मशीन दिसते. पण प्रत्येक कारखान्यात खरेदी, स्टोअर, डिस्पॅच, हिशेब आणि माणसांच्या नोंदी असतात, आणि ही कामे बी.कॉम. आणि बी.ए.च्या मुलांनाही शिकता येतात.

कॉम्प्युटरच्या मुलांनी वेर्ण्याचे सिबा आणि फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजमधले फायर ही दोन इन्क्युबेशन केंद्रे, म्हणजे नव्या कंपन्यांना उभे राहायला मदत करणाऱ्या जागा, जरूर बघावीत. तिथल्या स्टार्टअपमध्ये चार-पाच माणसेच असतात, त्यामुळे तुमच्या हाती खरे काम येते. विज्ञानाच्या मुलांसाठी गोव्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. १९६६ साली स्थापन झालेली दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोच्या हेडलँड सडा येथील ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, जुन्या गोव्यात एला येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) संस्था. या ठिकाणी मात्र विभागप्रमुखांचे पत्र घेऊन, ज्यांच्या विषयात काम करायचे त्या शास्त्रज्ञांचे काम थोडे वाचून, चार-सहा महिने आधी लिहावे लागते. एप्रिलमध्ये लिहून मेमध्ये जागा मागू नका.

मराठीच्या मुलांना वाटते आपल्याला कोण घेणार. गोव्यात मराठी दैनिके आहेत, छापखाने आहेत, पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याचा इतिहास १८३२ पर्यंत मागे जातो. नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून तो गोव्यात भरतो, आणि त्या सुमारास कार्यक्रमांच्या आयोजकांना लिहिणारी, भाषांतर करणारी, पाहुण्यांना सांभाळणारी मुले लागतात.

एक गैरसमज दरवर्षी दूर करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली. तेव्हा ती बारा महिन्यांची, महिन्याला ५,००० रुपये देणारी होती. ती सुरू झाली तेव्हाची अट २१ ते २४ वयाची आणि पूर्ण वेळ शिक्षण चालू नसण्याची होती. म्हणजे शिकत असताना क्रेडिटसाठी करायची इंटर्नशिप ती नव्हे. पदवी झाल्यावर पोर्टलवर त्या वेळच्या अटी वाचा आणि मग अर्ज करा.

बायोडेटाच्या आधी एक नमुना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अनुभव नाही म्हणजे दाखवायला काही नाही, असे मुले धरून चालतात. दाखवायची वस्तू आठवड्याभरात तयार करता येते.

साखळीची एक मुलगी होती, वर्गात पहिल्या दहांत नसलेली. तिच्या मामाचे हार्डवेअरचे दुकान. मी तिला सांगितले, मामाकडून एका महिन्याची खरेदीची बिले माग आणि एक्सेलमध्ये नोंदव. तारीख, बिल नंबर, पुरवठादार, जीएसटी नंबर, मालाची किंमत, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी, एकूण. साठेक बिले होती. तिसऱ्या दिवशी ती एक बिल घेऊन आली. "मॅडम, ह्याचा नंबर २७ ने सुरू होतो. बाकी सगळ्यांचा ३०." जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे. गोव्याचा ३०, महाराष्ट्राचा २७. माल महाराष्ट्रातल्या पुरवठादाराने साखळीच्या दुकानात पोचवलेला, मग त्यावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर, लागायला हवा होता, आणि बिलावर होता सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीवरचा. पुस्तकात आम्ही हे शिकवले होते. पण हातातल्या कागदावर स्वतः पकडलेली चूक ती कधी विसरणार नाही. तिने पुरवठादारांची नावे आणि नंबर झाकून त्या तक्त्याची एक प्रिंट काढली, खाली चार ओळीत काय सापडले ते लिहिले. डिचोलीच्या सीए ऑफिसात तिचे गुणपत्रक कुणी मागितले नाही. ती प्रिंट मात्र टेबलावर दहा मिनिटे होती.

तुमच्या विषयाचा असाच नमुना करा. पत्रकारितेचा असेल तर गावच्या ग्रामसभेला जाऊन तीनशे शब्दांची बातमी, सोबत स्वतः काढलेला एक फोटो आणि त्याची ओळ. कॉम्प्युटरचा असेल तर गावच्या स्टँडवरून सुटणाऱ्या बसचे वेळापत्रक दाखवणारे, मोबाईलवर नीट उघडणारे एक पान. पर्यटनाचा असेल तर मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी आणि कवळे या देवळांची अर्ध्या दिवसाची फेरी एका पानावर: कुठून निघायचे, कुठे किती वेळ, कपड्यांचे नियम, गाडी कुठे लावायची, म्हाताऱ्या माणसांना किती पायऱ्या. केमिस्ट्रीच्या मुलीने जर्नलमधले एक टायट्रेशन तिन्ही रीडिंगसह मांडावे आणि तिसरे रीडिंग वेगळे का आले ते प्रामाणिकपणे लिहावे. लॅब चालवणाऱ्याला त्यावरून तुमचा हात कळतो.

नमुना स्वतःचा हवा. एआयकडून लिहून घेतलेल्या बातमीवर समोरचा एक प्रश्न विचारतो, "ग्रामसभेत कोण कोण बोलले?", आणि तिथेच सगळे संपते.

बायोडेटा त्यानंतर एका पानाचा. वर नाव, गाव आणि तालुका, फोन. मग शिक्षण, मग हा नमुना, मग हाताने केलेली कामे. चतुर्थीत मंडळाची वर्गणी आणि खर्च लिहून ठेवलात, काकांच्या होमस्टेचे बुकिंग बघितलेत, लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्यात, तर ते 'छंद' या मथळ्याखाली पुरू नका. ती कामेच आहेत, 'काम' म्हणून लिहा. वडिलांचे पूर्ण नाव, धर्म, जात, वजन-उंची यातले काही लागत नाही.

मेल कसा लिहायचा

गोव्यात ऑफिसचा मेल इंग्रजीत जातो. तरी मसुदा आधी मराठीत करा, म्हणजे पोकळ वाक्ये आपोआप गळतात. त्या साखळीच्या मुलीचा मजकूर असा होता:

*विषय: मे महिन्यात रोज ५ तास, बिलांच्या नोंदीसाठी, बी.कॉम. विद्यार्थिनी, साखळी*

*नमस्कार सर, मी साखळीला राहते आणि बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ४ मे ते ३० मे, सोमवार ते शनिवार, रोज ५ तास मी तुमच्या ऑफिसात येऊ शकते. कॉलेजला १२० तासांची इंटर्नशिप हवी आहे, पत्र कॉलेज देईल. मला एक्सेल येते, टॅली थोडे येते. एका दुकानाच्या महिन्याभराच्या खरेदी बिलांचा तक्ता केला आहे, तो सोबत जोडते. बिले नोंदवणे, फायली लावणे, बँक स्टेटमेंट जुळवणे अशी कामे मी करू शकेन. सोमवारी सकाळी अकरानंतर फोन केला तर चालेल का?*

एवढेच. यात विनवणी नाही आणि स्वतःची स्तुतीही नाही. वाचणाऱ्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचे आहे. प्रत्येक ठिकाणी मजकूर थोडा बदला, त्या ऑफिसात कोणते काम चालते त्याप्रमाणे. पाच-पाचच्या गटाने पाठवा. कुणाला कधी पाठवला, कधी फोन केला, काय उत्तर आले, हे वहीत लिहा.

इथे माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी एका मोठ्या कंपनीला बारा मुलांची यादी पाठवली. 'बघतो' असे उत्तर आले आणि मी मुलांना दुसरीकडे लिहू दिले नाही. पाच आठवडे गेले. शेवटी मेच्या मध्यावर नकार आला आणि बाराही मुलांची धावपळ झाली. तेव्हापासून एका होकाराची वाट बघत कुणालाही बसू देत नाही. लेखी होकार हातात येईपर्यंत विचारत राहायचे.

फोन करा, आणि मग जा

मेलनंतर तीन-चार दिवसांनी फोन. मुले याला सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून मी स्टाफरूममध्ये समोर बसवून करायला लावते. एक फोन जवळजवळ शब्दशः आठवतो.

"नमस्कार मॅडम, मी साखळीहून बोलते. गुरुवारी इंटर्नशिपसाठी मेल पाठवला होता."

"आमच्याकडे इंटर्नशिप बिंटर्नशिप नसते गो."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, पुढे बोल.

"बरं मॅडम. पण बिलं नोंदवायला कोणी लागत असेल तर मी मे महिन्यात रोज पाच तास येऊ शकते. सरांना एकदा भेटून जाऊ का?"

थोडी शांतता. मग, "वीस तारीख होऊन जाऊ दे. बावीसला ये. अकराला."

पहिल्या 'नाही'चा अर्थ बहुतेक वेळा 'असे कोणी कधी विचारले नव्हते' एवढाच असतो. दुसऱ्या वेळी स्पष्ट नाही म्हटले तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा, तिसऱ्यांदा करू नका.

वीस तारीख का, ते समजून घ्या. जीएसटीचे एक विवरण महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि दुसरे २० पर्यंत भरायचे असते. त्या दिवसांत सीए ऑफिसात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. जुलैअखेर आयकर विवरणपत्रांची गर्दी, सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची. हॉटेलांचा मोसम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणून त्यांना ऑगस्ट-सप्टेंबरात विचारा. नाताळ ते नववर्ष या दिवसांत तर पाऊलच टाकू नका. आर्किटेक्ट आणि बांधकामवाल्यांकडे साइट बघायची असेल तर पावसाच्या आधी, कारण जूननंतर साइटवरचे काम मंदावते. आणि चतुर्थीच्या आठवड्यात गोव्यात कुणालाही काही विचारू नये.

भेटीला जाताना कॉलेजचे लेटरहेडवरचे पत्र, बायोडेटा आणि नमुन्याची प्रिंट एका साध्या फाइलमध्ये न्या. दहा मिनिटे आधी पोचा. काउंटरवर कोकणीत किंवा मराठीत बोला, जे जिभेवर असेल त्यात, इंग्रजीचा आव आणू नका. समोरचा बहुधा विचारेल, "काय येतं?" तेव्हा येते ते सांगा आणि येत नाही तेही सांगा. 'टॅलीत नोंद येते, बँक जुळवणी अजून केलेली नाही' हे उत्तर मला फार आवडते. निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: मी कुणाच्या हाताखाली बसेन, माझ्याकडे कोणते काम असेल, शेवटी तासांसह सर्टिफिकेट मिळेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'बघू' आले तर सावध व्हा. ज्या जागी शिकवणारे माणूस ठरलेले नसते तिथे मुले चार आठवडे झेरॉक्स काढतात.

पैसे, कागद, सुरक्षितता

इंटर्नशिपसाठी तुम्ही पैसे द्यायचे नसतात. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, परत मिळणारे डिपॉझिट, नाव काहीही असो. 'घरबसल्या इंटर्नशिप, सर्टिफिकेट हमखास, फक्त ४९९ रुपये' असे व्हॉट्सअपवर आले तर उत्तर देऊ नका. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणे कठीण होते. मूळ गुणपत्रक किंवा मूळ आधार कुणाकडे ठेवायचे नाही. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर तारीख आणि 'फक्त इंटर्नशिपसाठी' असे आडवे लिहून सही करा.

स्टायपेंडचे स्पष्ट बोला. चार आठवड्यांच्या पहिल्या इंटर्नशिपला लहान ऑफिसे बहुधा काही देत नाहीत, आणि शिकवणारे माणूस चांगले असेल तर मी मुलांना जा म्हणते. बसभाडे मात्र विचारावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तीन-तीन महिने पूर्ण वेळ, माणसाच्या जागी माणूस म्हणून राबवून घेणार आणि काही देणार नाही, असे असेल तर नको म्हणा.

मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी एक माहीत करून घ्यावे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलाखत कुणी ऑफिसऐवजी हॉटेलच्या खोलीवर किंवा घरी ठेवली तर जायचे नाही आणि त्याच दिवशी कॉलेजला कळवायचे.

रुजू झाल्यावर

पहिले दोन दिवस कुणी फारसे काही देणार नाही. मोबाईल काढून बसू नका. शेजारी बसलेले माणूस काय करते ते बघा आणि खिशातल्या वहीत लिहा. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागू नये म्हणून ही वही. काम संपले की "झाले, पुढे काय देता?" एवढे विचारा. उशीर होणार असेल तर आधी कळवा. बस चुकली हे कारण गोव्यात कुणालाही समजते, अकरा वाजेपर्यंत न कळवणे समजत नाही. ऑफिसातल्या ग्राहकांची नावे, आकडे, कागद यांचे फोटो काढायचे नाहीत आणि घरी सांगायचेही नाहीत. डायरी रोजच्या रोज भरा, महिन्याच्या शेवटी एकदम भरलेली डायरी शाईवरूनच कळते.

शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या दिवशी नव्हे, सर्टिफिकेटचा मसुदा स्वतः टाइप करून न्या. नाव गुणपत्रकावर आहे तसेच, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, केलेली कामे दोन ओळीत, सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा, शिक्का. कॉलेजच्या डायरीतले तास आणि सर्टिफिकेटवरचे तास सारखे आहेत का ते सही होण्याआधी जुळवा. ११८ आणि १२० असे दोन आकडे आले की कागद परत जातो. सही झाली की तिथेच स्कॅन करून स्वतःला मेल करा, आणि ज्यांच्या हाताखाली बसलात त्यांना विचारा, "पुढच्या अर्जात तुमचा नंबर दिला तर चालेल का?"